वाळल्या लसूणघासाची पारख आणि त्याचा भाव

दुभत्या जनावरांसाठीं चारा विकत घेतांना आपल्याकडे दोनच गोष्टी पाहण्याची चाल आहे; एक वजन व दुसरा रंग. कडब्याच्या बाबतींत ही चाल एक वेळ चालून जाते. कडबा हा मुख्यतः पोट भरण्याचा चारा आहे; पेंढ्या मोजल्या, एखादी सोडून पाहिली, म्हणजे काम भागतें. परंतु वाळलेला लसूणघास हा त्या जातीचा चारा नव्हे. तो प्रथिनांसाठीं घ्यावयाचा असतो, आणि प्रथिनें वजनकांट्यावर दिसत नाहींत, रंगावरूनही पुरतीं कळत नाहींत. तीं मुख्यत्वेंकरून पानांत असतात. म्हणून लसूणघासाची पारख आधीं पानांवरून व्हावी, आणि भावही पानांवरूनच ठरावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. हें मत आम्ही कां धरितों, व तें मान्य केल्यास देणारा व घेणारा या दोघांचेंही हित कसें होतें, तें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम आपल्या मुलखाची स्थिति पाहूं. पूस व पैनगंगा या नद्यांच्या आसऱ्याचा आमचा महागांव तालुका म्हणजे काळ्या जमिनीचा, कपाशीचा मुलूख. पूर्वीं कपाशीच्या जोडीला ज्वारी भरपूर होत असे व घरोघर कडब्याची गंजी उभी राही. सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा आटला आणि कडबाही आटला. आतां गुरांच्या पुढें पडतें तें बहुतेक कुटार. सोयाबीनचें, तुरीचें वा हरभऱ्याचें. सोयाबीनचें कुटार पोट भरतें खरें, पण त्यांतील प्रथिनें फारच थोडीं, आणि काडी चिवट. बैल त्यावर दिवस काढील. दूध देणारी संकरित गाय त्यावर दूध देणार नाहीं. मग ती तूट सरकीच्या ढेपेनें भरून काढावी लागते, आणि दुधाचा बराचसा पैसा ढेपेच्या पोत्यांत जातो.

ही गोष्ट आमच्या जिल्ह्यास नवी नाहीं. १ जुलै २००६ रोजीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनीं विदर्भांतील यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांचें साहाय्य जाहीर केलें. त्यांत शेतकऱ्यास जोडधंदा मिळावा म्हणून निम्म्या किंमतींत अधिक दुधाचीं जनावरें देण्याची योजना होती. हेतु चांगला होता. परंतु जनावर दारांत आलें तरी त्याचा चारा शेतांत नव्हता. आणि दुधाच्या पैशाहून खाण्याचा खर्चच अधिक होतो, अशा तक्रारी त्या काळच्या वृत्तपत्रांतून येऊं लागल्या. यांतून घेण्यासारखा धडा एवढाच कीं, दुभत्या गाईची योजना ही मुळांत चाऱ्याची योजना असली पाहिजे. चाऱ्याचें गणित ज्यानें आधीं मांडलें नाहीं, त्यानें गाईचें गणित मांडूं नये.

या गणितांत लसूणघासास विशेष स्थान आहे, आणि त्याचें कारण आपल्या विहिरी होत. आपल्याकडील पुष्कळ विहिरींना माघ-फाल्गुनापर्यंत बरें पाणी असतें. वैशाखांत त्या तळ दाखवितात. लसूणघास कार्तिकांत पेरला तर साधारण ५५ ते ६० दिवसांत पहिली कापणी येते व पुढें दर २५ ते ३० दिवसांनीं कापण्या मिळत जातात. म्हणजे विहिरीस पाणी असतें त्याच काळांत घास भराला येतो. त्यांतला कांहीं भाग हिरवा चारावा व उरलेला वाळवून ठेवावा, म्हणजे वैशाख-ज्येष्ठांत विहीर आटली असतां तोच घास गोठ्यांत उपयोगी पडतो. वाळला घास म्हणजे एका अर्थीं हिवाळ्यांतलें पाणी उन्हाळ्यासाठीं राखून ठेवणेंच आहे. आतां इतक्या पाण्याचा, खताचा व मेहनतीचा चारा वाळवितांना अर्धा वायां गेला, किंवा विकत घेणारानें नुसत्या काड्यांचे पैसे मोजले, तर ही सारी युक्ति फुकट गेली. म्हणून पारखेचा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

या वनस्पतीच्या नांवाविषयीं एक शब्द सांगणें अवश्य आहे, कारण नांवामुळें पुष्कळांचा घोटाळा होतो. लसूणघासाचा लसणीशीं कांहीं संबंध नाहीं. ‘ल्युसर्न’ या परकी नांवाचें आपल्या तोंडीं ‘लसूण’ झालें असें मानितात. हा हरभरा, तूर, मेथी यांच्या कुळांतला झाड-पाला आहे. इराणांत फार प्राचीन काळापासून तो घोड्यांचा चारा म्हणून प्रसिद्ध होता, आणि त्याचें शास्त्रीय नांवही मीडिया या तेथील प्राचीन देशावरून पडलें आहे. त्याच्या मुळांवरील गांठींत हवेंतला नत्र धरणारे सूक्ष्म जंतु राहतात, व म्हणूनच गवताच्या जातीच्या चाऱ्याहून यांत प्रथिनें अधिक असतात. आपल्या राज्यांत राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें आर. एल. ८८ हें बहुवर्षायु वाण माहितीचें आहे. तें एकदां लावलें असतां निचऱ्याच्या जमिनींत तीन वर्षेंपर्यंत टिकतें. पाणी सांचून राहणारी भारी जमीन मात्र त्यास मानवत नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. वाळल्या घासाची पारख करितांना पांच गोष्टी पाहाव्या, व त्या याच क्रमानें पाहाव्या, असें आमचें सांगणें आहे.

पहिली गोष्ट, घास केव्हां कापला हें. लसूणघास कळीवर आला किंवा दहा रोपांमागें एखाद्या रोपास फूल दिसूं लागलें, ती कापणीची खरी वेळ. त्या वेळीं पानें भरपूर व काडी कोंवळी असते. पुढें जसजसीं निळीं-जांभळीं फुलें वाढत जातात तसतशी काडी लांकडी होत जाते, खालचीं पानें पिंवळीं पडून गळतात, आणि वजन वाढत असलें तरी गुण उतरत जातो. वाळल्या घासांत हें ओळखणें अवघड नाहीं. मूठभर घास घेऊन त्यांत फुलें किती, कळ्या किती, व कोठें वळलेल्या लहान शेंगा आहेत काय, तें पाहावें. शेंगा दिसल्या म्हणजे घास जून झाल्यावर कापला, याविषयीं वाद घालण्याचें कारण उरत नाहीं. काडी बोटांत धरून वांकवावी; कोंवळी काडी बारीक असते व हाताला टोंचत नाहीं, जून काडी तुऱ्हाटीसारखी कडकन् मोडते व टोंचते.

दुसरी गोष्ट पानांची, आणि हीच सर्वांत मोठी. लसूणघासाच्या पानांत शेंकडा २५ च्या आसपास प्रथिनें असतात, व काडींत शेंकडा १० ते १२. जून काडींत त्याहूनही कमी. साऱ्या रोपांतील प्रथिनांचा सुमारें दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पानांत असतो. असें असतां पानें झडलेला घास विकत घेणें म्हणजे शेंगा काढून घेतलेल्या तुरीचे पैसे देण्यासारखें आहे. पानांची परीक्षा घरच्या तराजूवर होते. गंजीच्या निरनिराळ्या जागांतून घेऊन मिसळलेला अर्धा किलो घास चादरीवर घ्यावा, पानें हातानें ओरबाडून वेगळीं करावीं, तळाशीं पडलेला चुराही पानांतच धरावा, आणि दोन्ही वेगवेगळीं तोलावीं. पानें निम्मीं किंवा अधिक भरलीं तर घास उत्तम. शेंकडा ४० च्या वर असलीं तर चांगला. ४० च्या खालीं मध्यम, आणि चतुर्थांशावर आलीं तर तो घास नसून काड्या आहेत असें समजावें. या परीक्षेस पाव तास लागतो, व त्यासाठीं कोणत्याही विद्येची गरज नाहीं.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. नीट वाळलेल्या घासांत शेंकडा १५ हून अधिक ओलावा नसावा. मूठभर घास दोन्ही हातांनीं पिळावा. काड्या चरचरून मोडल्या तर वाळला, नुसत्या पिळल्या जाऊन तशाच राहिल्या तर ओला. काडीची साल नखानें खरवडून पाहावी. ती सोलून निघाली तर आंत अजून पाणी आहे. याहून खात्रीची परीक्षा मिठाची आहे. कोरड्या कांचेच्या बरणींत घासाचे लहान तुकडे घालून त्यांत चमचाभर कोरडें बारीक मीठ टाकावें व झांकण लावून दोन-तीन मिनिटें हालवावें. मीठ मोकळें राहिलें तर घास साठविण्याजोगा. मिठाच्या गुठळ्या झाल्या किंवा तें बरणीस चिकटलें तर ओलावा अधिक. ओल्या घासाचा तोटा दुहेरी आहे. एक तर पाण्याचे पैसे जातात. क्विंटलभर घासांत शेंकडा १२ ओलावा असेल तर सुका चारा ८८ किलो मिळतो, २५ असेल तर अवघा ७५ किलो. दुसरें, असा घास गंजींत तापतो व बुरसटतो, आणि कधीं कधीं आपोआप पेटतोही.

चौथी गोष्ट वासाची. चांगल्या घासाला वाळल्या मेथीसारखा गोडसर, स्वच्छ वास येतो. कुबट वास, हलवितांना उडणारी पांढुरकी धूळ, किंवा गठ्ठ्याच्या पोटांत एकमेकांस चिकटलेले करडे थर दिसले तर ती बुरशी होय. असा घास कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. बुरशीनें जनावराचें पोट बिघडतें, दूध घटतें, गाभण गाय गाभडण्याचें भय असतें, आणि गोठ्यांत काम करणाऱ्या माणसाच्या छातीसही ती धूळ बाधते. याच ठिकाणीं एका भ्रमाचें निरसन केलें पाहिजे. गंजींत तापून तपकिरी झालेल्या घासाला कधीं कधीं भाजल्या साखरेसारखा किंवा तंबाखूसारखा वास येतो, व गुरें तो मोठ्या आवडीनें खातात. तेवढ्यावरून तो चांगला ठरत नाहीं. तापल्यामुळें त्यांतील प्रथिनें शर्करेशीं बद्ध होतात व जनावराच्या अंगीं लागत नाहींत. ‘गाय आवडीनें खाते, आणखी काय पाहिजे?’ हें म्हणणें म्हणूनच अपुरें आहे. गाय चवीची पारख करिते. दुधाची पारख धन्यानें करावयाची असते.

पांचवी गोष्ट भेसळीची. घासांत तण किती, माती किती, व अमरवेलीचे पिंवळे दोरे आहेत कीं काय, तें पाहावें. अमरवेल ही लसूणघासाची जुनी वैरीण आहे. तिचें बीं घासाबरोबर एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातें, व शेणखतांतून शेतांत उतरतें. ज्याच्या स्वतःच्या शेतांत लसूणघास आहे त्यानें अमरवेल असलेला घास दारांत येऊंच देऊं नये. गठ्ठ्याच्या पोटांत दोरी, तार, प्लास्टिकचे तुकडे असतात तेही काढून टाकावे. तार पोटांत गेल्यानें दगावलेल्या जनावराची किंमत कोणत्याही घासानें भरून येत नाहीं.

या पांच गोष्टींत आम्हीं रंगाचें नांव घेतलें नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. तें बुद्ध्याच घेतलें नाहीं. हिरवा रंग ही चांगली खूण आहे; घास लौकर वाळला, पावसांत भिजला नाहीं, व त्यांत जीवनसत्त्व ‘अ’ ज्यापासून होतें तें द्रव्य शिल्लक आहे, एवढें तो सांगतो. परंतु प्रथिनांविषयीं तो फारसें सांगत नाहीं. आपल्या मुलखांत फाल्गुन-चैत्राचें ऊन असें कडक असतें कीं गंजीचा वरचा थर चार दिवसांत पांढरट पडतो, आणि आंतला घास पानांसकट उत्तम असतो. उलट, जून झालेला घास सावलींत वाळविला तर हिरवागार दिसतो व आंत काड्याच काड्या असतात. रंग पाहून पहिला टाकणारा व दुसरा घेणारा मनुष्य नुकसानींत जातो. म्हणून रंग शेवटीं पाहावा, आणि तोही गंजींत कोपरापर्यंत हात घालून आंतला घास बाहेर काढून.

आतां या पारखेनें हिशेबांत किती फरक पडतो तो पाहूं. निम्मीं पानें असलेल्या घासांत, पानांतलीं प्रथिनें शेंकडा २५ व काडींतलीं ११ धरलीं, तर एकंदर प्रथिनें शेंकडा १८ होतात. चतुर्थांश पानें व जून काडी असलेल्या घासांत, काडींतलीं ९ धरलीं, तर तीं शेंकडा १३ होतात. गाईला रोज चार किलो सुका घास दिला तर पहिल्यापासून ७२० ग्रॅम प्रथिनें मिळतात, दुसऱ्यापासून ५२० ग्रॅम. फरक २०० ग्रॅमांचा. एक लिटर दुधामागें गाईला सुमारें ९० ग्रॅम प्रथिनें लागतात, त्या मानानें हा फरक दोन लिटर दुधाच्या वाट्याचा झाला. तो ढेपेनें भरून काढावयाचा म्हटलें तर सरकीची ढेप रोज जवळजवळ एक किलो जास्त घालावी लागेल. ढेपेचा चालू भाव प्रत्येकानें स्वतः घालून महिन्याचा आंकडा काढावा. तो आंकडा पाहिल्यावर पाव तास पानें तोडण्यांत गेला याचें कोणास वाईट वाटणार नाहीं.

कोणी म्हणेल, ही अदमासपंचे पारख झाली. खरी परीक्षा प्रयोगशाळेंतच होते. हें म्हणणें खरें आहे, व तें आम्ही नाकारीत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पीटर व्हान सोस्ट या शास्त्रज्ञानें चाऱ्यांतील तंतूंचें पृथक्करण करण्याची जी रीत बसविली, तिच्यामुळें काडींतला पचणारा व न पचणारा भाग आंकड्यांत सांगतां येऊं लागला. त्या आंकड्यांवरून व प्रथिनांवरून तेथें घासाच्या प्रती ठरतात; शेंकडा २२ हून अधिक प्रथिनांचा घास सर्वोत्तम, व १६ हून कमी प्रथिनांचा सर्वांत खालच्या प्रतीचा. प्रतीप्रमाणें भाव बदलतो. परंतु हेंही ध्यानांत ठेवावें कीं, ही व्यवस्था येण्यापूर्वीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, त्याच देशांत घासाच्या प्रती ठरवितांना पानांचें प्रमाण व हिरवेपणा हींच मापें होतीं. म्हणजे प्रयोगशाळा हातीं येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. ज्यांचा व्यवहार मोठा आहे त्यांनीं अकोल्याचें कृषि विद्यापीठ किंवा नागपूरचें पशुवैद्यक महाविद्यालय येथें नमुना तपासण्याविषयीं अवश्य विचारणा करावी. मात्र नमुना वीस ठिकाणांहून, गंजीच्या पोटांतून घेऊन एकत्र मिसळलेला असावा. वरच्या थरांतली एक मूठ पाठवून आलेला आंकडा त्या मुठीचा असतो; गंजीचा नसतो.

येथवर घेणाराच्या बाजूनें लिहिलें. आतां देणाराच्या बाजूनें लिहितों, कारण खरी अडचण तेथें आहे. समजा, एक शेतकरी घास कळीवर असतांना कापतो, पानें राखून वाळवितो, व पुरता सुकवून विकतो. दुसरा शेतकरी फुलें येऊन जाईपर्यंत थांबतो; त्यास एका कापणींत वजन अधिक मिळतें, आणि किंचित् ओला असतांना बांधल्यामुळें तें आणखी वाढतें. बाजारांत दोघांसही क्विंटलास एकच भाव. मग पहिल्यानें चांगला माल कां पिकवावा? आजची वजनाची रीत जो मनुष्य चांगलें काम करितो त्यास दंड करिते, आणि जो पाणी व काड्या विकतो त्यास इनाम देते. अशा बाजारांत चांगला घास कमी होत जावा, यांत नवल तें काय? मग घेणारे म्हणतात, लसूणघासांत राम नाहीं, ढेपच बरी. आणि देणारे म्हणतात, लसूणघासाला भाव नाहीं, कपाशीच बरी. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलतात, व दोघांचेंही नुकसान एकाच कारणानें होतें.

यावर उपाय सरकारानें करावा अशी वाट पाहण्याची जरूर आम्हांस दिसत नाहीं. आपसांत ठरविण्याजोगी ही गोष्ट आहे. आमची सूचना अशी: गांवांतील घास देणाऱ्या-घेणाऱ्यांनीं हंगामाच्या आरंभीं एकत्र बसून तीन प्रती ठरवाव्या. निम्मीं पानें, कळीवरची कापणी व मिठाची परीक्षा उतरलेला, तो पहिल्या प्रतीचा. ४० ते ५० पानें व थोडीं फुलें, तो दुसऱ्या प्रतीचा. त्याखालचा तिसऱ्या प्रतीचा. दुसऱ्या प्रतीचा भाव पाया धरून पहिल्या प्रतीस एक-पंचमांश अधिक द्यावा, तिसऱ्या प्रतीचा एक-पंचमांश कमी करावा. बुरसटलेला, तापलेला किंवा अमरवेल असलेला घास कोणत्याही भावानें घेऊं नये. परीक्षा दोघांच्या समक्ष व्हावी, आणि वाद पडल्यास तिसऱ्या जाणत्या शेतकऱ्यानें पुन्हा पानें तोलावीं. प्रमाणें कमी-अधिक करावयाचीं असलीं तर करावीं. त्याविषयीं आमचा आग्रह नाहीं. आग्रह एवढाच कीं, पानाला मोल मिळालें पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील असें आम्हांस वाटतें. पहिला आक्षेप: लौकर कापल्यानें उत्पन्न घटतें. एका कापणीपुरतें हें खरें आहे. पण लौकर कापलेला घास लौकर फुटतो, व हंगामांत एखादी कापणी अधिक मिळते. फार कोंवळा असतां वारंवार कापणें मात्र टाळावें. त्यानें मुळांतला सांठा संपून ताटवा विरळ होतो. मुद्दा कोंवळ्या-जुनाचा वाद घालण्याचा नसून, कळीची वेळ साधण्याचा आहे. दुसरा आक्षेप: आपल्या भागांत लसूणघास पिकवितो कोण? थोडे पिकवितात हें आम्हीही जाणतों. परंतु विहिरीचें पाणी ज्याच्यापाशीं आहे व ज्याच्या दारीं दोन दुभत्या गाई आहेत, त्यानें पांच-दहा गुंठे लसूणघास लावणें हें त्याच्या आवांक्याबाहेरचें नाहीं. सारें शेत घासाखालीं आणा असें आम्ही सांगत नाहीं. तसें करणें आपल्या पाण्यास परवडणारही नाहीं.

जे स्वतः वाळवून ठेवूं इच्छितात त्यांस दोन शब्द. इतर देशांतील पुस्तकांत घास वाळवितांना पावसाचें भय सांगितलेलें असतें. आपल्या येथें फाल्गुनांत भय पावसाचें थोडें, अति वाळण्याचें अधिक. पान काडीच्या आधीं वाळतें. काडी ओली असतांनाच पान कुरकुरीत होतें, आणि भर दुपारीं दांताळें फिरविलें कीं सारें पान शेतांत झडून जातें. मग घरीं येतात त्या काड्या. यासाठीं सकाळीं कापलेला घास पातळ पसरावा, मरगळला कीं लहान ओळींत ओढून घ्यावा, आणि पुढची उलथापालथ फक्त पहांटे, दंवाचा किंवा रात्रीच्या गारव्याचा ओलावा पानांत असतांना करावी. गोळा करणें व बांधणेंही सकाळींच. खालीं ताडपत्री घालावी. तीवर पडलेला चुरा हें खरें सोनें आहे, तो झाडून घेऊन कुटारांत मिसळावा. गंजी जमिनीवर न रचतां खालीं पऱ्हाटीचा जाड थर द्यावा व वर छप्पर करावें. पहिले पंधरा दिवस अधूनमधून आंत हात घालून ऊब लागते काय तें पाहावें. मृगाच्या आधीं सारें छपराखालीं गेलेंच पाहिजे.

चारितांना घ्यावयाची काळजी थोडक्यांत सांगतों. हिरवा, ओला लसूणघास उपाशी जनावरानें एकदम खाल्ला तर पोट फुगतें, व प्रसंगीं जीवही जातो. वाळल्या घासांत तें भय पुष्कळ कमी आहे. तरीही नुसत्या लसूणघासावर गाय ठेवूं नये. त्यांत चुना पुष्कळ व स्फुरद थोडें असतें, म्हणून कडबा वा कुटार, थोडा भरडा किंवा कोंडा, मीठ व क्षारमिश्रण यांची जोड असावी. विण्याच्या आधींच्या दोन-तीन आठवड्यांत गाभण गाईला तो फार देऊं नये; चुन्याच्या अतिरेकानें विल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो. चांगला घास आधीं दुभत्या गाईला व वाढत्या कालवडीला द्यावा. जनावरापरत्वें चारा वांटणें हीही पारखच आहे.

शेवटीं आमचें सांगणें असें. दुधाचा भाव आपल्या हातीं नाहीं. ढेपेचा भावही नाहीं. परंतु घास केव्हां कापावा, कसा वाळवावा, व पाहून कसा घ्यावा, हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. कपाशी विकावयास नेली असतां व्यापारी मूठभर कापूस हातांत घेऊन त्याचा ओलावा व कचरा पाहतो आणि तेवढ्यावर आपला भाव पाडतो, हा अनुभव प्रत्येकास आहे. जी दक्षता व्यापारी आपल्या मालाविषयीं दाखवितो, तीच आपण आपल्या गाईच्या चाऱ्याविषयीं कां दाखवूं नये? येत्या कार्तिकांत जे घास पेरतील त्यांनीं, व माघापासून जे विकत घेतील त्यांनीं, निदान एक हंगाम ही पानांची परीक्षा करून पाहावी, तिचे आंकडे वहींत टिपून ठेवावे, आणि दुधाच्या हिशेबाशीं ताडून पाहावे. आंकडे आमच्या मताविरुद्ध गेले तरी तेही आम्हांस कळवावे. येथें त्यांस आनंदानें जागा मिळेल.